आधी अंथरूण, मग पांघरूण

(मंडळाच्या जुलै महिन्यातील कौटुंबिक मेळाव्यात, नजरबाद येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी वक्ता नाही. रेल्वेच्या डब्यांची देखभाल करणारा डिप्लोमावाला इंजिनियर आहे. आमचे बोलणे शेडमधल्या ठोकाठोकीत चालते, त्यामुळे आवाज चढला तर मी रागावलो आहे असा समज कृपया करून घेऊ नये. कार्यवाहांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "डोंगरात झोपायची फुगवायची गादी कशी निवडावी." त्यांना वाटले फोन नीट लागत नाही. त्यांनी पुन्हा विचारले, मी पुन्हा तेच सांगितले. "अहो, लोक येतील का गादीवरचे भाषण ऐकायला?" ते म्हणाले. "निदान झोप तरी चांगली लागेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

पण विषय थट्टेचा नाही. येत्या डिसेंबरात आपल्या मंडळाची बारा मुले-मुली उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जाणार आहेत. आनंदाची गोष्ट आहे. बरोबर न्यायच्या सामानाची यादी सर्व पालकांना मिळाली आहे. बूट, जाकीट, लोकरी टोपी, हातमोजे, स्लीपिंग बॅग असे सगळे तीत आहे. यादीच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : "खाली घालायची मॅट – असल्यास." या "असल्यास" शब्दासाठी मी आज इथे उभा आहे.

मी मूळचा बेळगावचा. लहानपणापासून डोंगर चढायची हौस. आमच्या वेळी अंथरुणाचा विचार कोणी करत नसे. चुलत भावांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलो तेव्हा तिथल्या गणेश गुहेत दगडी जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून झोपलो होतो. नोकरीनिमित्त म्हैसूरला आल्यावर मित्रांबरोबर कुमार पर्वताला गेलो. वाटेतल्या भट्टर मनेच्या अंगणात साधी चटई, म्हणजे आपण इथे ज्याला चापे म्हणतो ती, टाकून रात्र काढली. सकाळी अंग दुखे, कोणी शिंके, पण तेवढेच. त्यामुळे माझी पक्की समजूत झाली होती की थंडी ही वरून येते. पांघरूण चांगले असले की झाले.

डिसेंबर २०२२ मध्ये मी आणि माझी मुलगी केदारकंठाच्या ट्रेकला गेलो. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. रेल्वेचा पास असल्याने दिल्लीपर्यंतचा प्रवास निवांत झाला. पुढे डेहराडून आणि तिथून दिवसभर मोटारीने सांकरी गाव. केदारकंठाचे शिखर सुमारे साडेबारा हजार फूट उंच आहे आणि डिसेंबरात वरच्या मुक्कामांवर बर्फ असते. मी तयारी कसून केली होती. उणे तापमानाला चालणाऱ्या दोन स्लीपिंग बॅगा चांगले पैसे मोजून घेतल्या. खाली घालायला मात्र हवा भरायच्या दोन साध्या गाद्या घेतल्या. चांगल्या चार बोटे जाड, मऊ आणि स्वस्त. घरी हॉलमध्ये फुगवून बघितल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्या पलंगापेक्षा छान आहे." गादी किती उबदार आहे याचा आकडा वेष्टनावर कुठेच नव्हता. असा आकडा असतो हेच मला माहीत नव्हते.

ट्रेक नेणाऱ्यांनी सांकरीला सर्वांना फोमच्या मॅट दिल्या. मी ऐटीत सांगितले, "आमचे आम्ही आणले आहे." उगाच ओझे कशाला, हा त्यामागचा हिशेब. ही चूक सर्वस्वी माझी होती.

पहिली रात्र जुडा का तालाब या मुक्कामी. पाठ गार लागली, पण दमल्यामुळे झोप आली. दुसरी रात्र वरच्या बेस कॅम्पला, सव्वाअकरा हजार फुटांच्या आसपास. तंबूच्या खाली दाबलेले बर्फ. रात्री अकराच्या सुमारास मुलगी म्हणाली, "बाबा, खालून गार लागतंय." मी माझे जाकीट तिच्या अंगावर घातले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी शाल घातली. तिने दोन वेळा स्वच्छ सांगितले होते, "खालून". आणि मी दोन्ही वेळा वर घालत होतो. पहाटे एकच्या सुमारास ती हुडहुडी भरल्यासारखी कापू लागली. स्लीपिंग बॅगेची चेन तिला धरता येईना आणि मी विचारलेल्या प्रश्नाला ती उशिरा, अडखळत उत्तर देऊ लागली. तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला.

मी वाटाड्याला हाक मारली. तो तिथलाच पहाडी मुलगा, पंचविशीचा. त्याने आधी तिच्या पाठीखाली हात घातला आणि मला विचारले, "नीचे क्या है?" तिला उठवून बसवले, माझ्या हवेच्या गाद्या बाजूला सारल्या, दोन फोमच्या मॅट एकावर एक टाकल्या, त्यावर घडी घातलेली लोकरी कांबळी आणि त्यावर तिला स्लीपिंग बॅगेसकट निजवले. बाटलीत गरम पाणी भरून, कापडात गुंडाळून तिच्या काखेत दिले. ती शुद्धीवर आहे, नीट गिळू शकते आहे, हे बघून गोड चहा पाजला. अर्ध्या-पाऊण तासात कापणे थांबले, बोलणे सरळ झाले आणि ती झोपली. मी मात्र उजाडेपर्यंत जागा होतो. दुसऱ्या दिवशी बाकीचे शिखरावर गेले, आम्ही दोघे खाली उतरलो. घरी फोनवर "थोडी सर्दी झाली होती" एवढेच सांगितले. खरे काय ते आमच्या सौ.ना कळायला पुढे दोन महिने लागले, आणि त्यानंतर घरात जी थंडी पडली तिला कोणतीच गादी पुरली नसती.

आता हे असे का झाले? इंजिनियर माणूस, घरी परतल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आपल्या नजरबादच्या जुन्या घरांत तांबड्या कोब्याची गुळगुळीत जमीन असते. एप्रिलच्या दुपारी तिच्यावर उघड्या पाठीने पडले की किती बरे वाटते! का? जमीन तुमच्या अंगातली उष्णता ओढून घेते म्हणून. बर्फावर हेच होते, फक्त तिथे ते बरे वाटण्याच्या पलीकडे जाते. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यातल्या फुललेल्या पिसांत किंवा कापसासारख्या धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. पाठीखालचा भाग आपल्या वजनाने चपटा होतो, हवा निघून जाते आणि ऊबही जाते. म्हणजे दहा हजारांच्या स्लीपिंग बॅगेचा खालचा अर्धा भाग जवळजवळ निकामी. ते काम गादीनेच करायचे असते.

तुम्ही म्हणाल, गादीत तर हवाच होती! बरोबर. हवा ही उत्तम उष्णतारोधक आहे, पण ती स्थिर असेल तेव्हा. लोकरीत, फोममध्ये ती बारीक बारीक कप्प्यांत कोंडलेली असते. रिकाम्या जाड नळीत ती फिरत राहते : वरची पाठीची ऊब घेते, खाली बर्फाला नेऊन देते. शिवाय नळीच्या एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे उष्णता किरणांनीही जाते. म्हणून चांगल्या उबदार गादीच्या पोटात नुसती हवा नसते. कृत्रिम धागे असतात, पिसे असतात, किंवा चकचकीत पातळ पडदे ताणलेले असतात. हवा फिरू न देणे आणि ऊब परत पाठीकडे फेकणे, हे त्यांचे काम. आमच्या वातानुकूलित डब्यांच्या भिंतीत आतल्या-बाहेरच्या पत्र्यांमध्ये थर भरतात, त्याच जातीची ही युक्ती.

ही ऊब अडवण्याची ताकद मोजण्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजत असे, त्यामुळे तुलना करणे अवघड होते. २०१८ साली एएसटीएम एफ ३३४० नावाचे प्रमाण तयार झाले आणि २०२० पासून मोठ्या कंपन्या त्याप्रमाणे आकडे छापू लागल्या. गादी फुगवून एका थंड आणि एका गरम पट्टीच्या मध्ये ठेवतात आणि गरम पट्टी तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागते ते बघतात. साधी, सरळ, आपल्या वर्कशॉपमधल्यासारखी चाचणी.

आता माझा ढोबळ हिशेब ऐका. झोपलेल्या माणसाचे शरीर साधारण ७० ते ८० वॅट उष्णता निर्माण करते, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. गादीला टेकणारा भाग ०.४ चौरस मीटर धरा. त्वचा ३२ अंश, खाली बर्फ शून्य अंश. कपडे आणि चपटी झालेली बॅग हिशेबातून सोडून दिली, तर आर-व्हॅल्यू १ असलेल्या गादीतून सुमारे ७३ वॅट खाली जातात. म्हणजे शरीर जेवढे कमावते तेवढे सगळे जमिनीला दान! आर-व्हॅल्यू ४ असेल तर हाच आकडा १८ वॅटवर येतो. साध्या हवेच्या गादीची आर-व्हॅल्यू एकाच्या आसपास असते. ज्या रात्री मी मुलीच्या अंगावर शाल घालत होतो त्या रात्री मी भोक पडलेल्या टाकीत वरून पाणी ओतत होतो.

आता मुद्द्यावर येतो. गादी निवडायची कशी?

पहिली गोष्ट, ऊब. ती हाताने दाबून किंवा जाडी बघून कळत नाही, आकडा बघूनच कळते. उन्हाळ्यातल्या सह्याद्रीला किंवा आपल्या कोडगूच्या डोंगरांना आर-व्हॅल्यू १ ते २ पुरते. हिवाळ्यात उघड्यावर, तापमान शून्याकडे जाणार असेल तर २ ते ४. शून्याच्या खाली ४ ते साडेपाच. बर्फावरचा मुक्काम असेल तर साडेपाचच्या पुढे. लहान मुले, बारीक अंगाची माणसे आणि ज्यांना मुळात थंडी जास्त वाजते त्यांनी एक पायरी वरची घ्यावी. आकडा छापलेला नसेल तर ती गादी उन्हाळ्याची समजावी, दुकानदार काहीही सांगो.

दुसरी गोष्ट फार उपयोगाची आहे. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. घडीच्या फोम मॅटची आर-व्हॅल्यू साधारण २ असते. तिच्यावर ४ ची हवेची गादी टाकली की ६. म्हणजे फार महागडी गादी एकदम घ्यायची गरज नाही. फोम खाली, हवा वर. शिवाय हवेच्या गादीला काटा लागून ती बसली, तरी खाली फोम असतोच. आमच्या पहाडी वाटाड्याने हे गणित कधी केले नसेल, पण दोन मॅट आणि कांबळी टाकताना त्याने हीच बेरीज केली होती. आपल्याकडचे धनगर घोंगडी पांघरतात तशीच अंथरतातही. लोकरीत कोंडलेल्या हवेची किंमत त्यांना आपल्याआधी कळली होती.

तिसरी गोष्ट, आराम. इथे प्रकार तीन. फोमची मॅट स्वस्त, हलकी, कधीही दगा न देणारी, पण कडक आणि पाठीवर बांधली की लोळीएवढी जागा घेणारी. दुसरी, आपोआप फुगणारी : आत उघड्या छिद्रांचा फोम, बाहेर हवाबंद कापड आणि एक व्हॉल्व्ह. हिची गोष्ट मला फार आवडते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत बोइंग विमान कंपनीने हजारो लोकांना कामावरून कमी केले. त्यातले दोन इंजिनियर आणि त्यांचा गिर्यारोहक मित्र जिम ली यांनी मिळून ही गादी बनवली आणि १९७२ मध्ये सिॲटल शहरात कंपनी काढली. त्यांच्या पोटावर पाय आला आणि जगाच्या पाठीची सोय झाली! तिसरा प्रकार म्हणजे पूर्ण हवेची पण आत ऊब राखणारे थर असलेली. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, घडी पाण्याच्या बाटलीएवढी, जाडी ७ ते १० सेंटिमीटर. कुशीवर झोपणाऱ्याने हीच घ्यावी, कारण पातळ गादीवर खुबा आणि खांदा जमिनीला टेकतात. मात्र किंमत जास्त. परदेशी नामांकित गादी पंधरा-वीस हजारांच्याही पुढे जाते.

आता मापे. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण आपण खर्चाच्या संदर्भात वापरतो, इथे ती शब्दशः घ्यायची आहे. नेहमीची गादी १८३ सेंटिमीटर लांब आणि ५१ सेंटिमीटर रुंद असते. ५१ सेंटिमीटर म्हणजे वीस इंच. आमच्या स्लीपर क्लासच्या बर्थहूनही कमी! उताणे झोपले की कोपरे खाली बर्फात. रुंद खांद्याच्या माणसाने ६४ सेंटिमीटरची घ्यावी, थोडे वजन वाढले तरी चालेल. दुकानात लाज न बाळगता गादी फुगवून मागा आणि तिच्यावर दहा मिनिटे तरी झोपा. उताणे, कुशीवर, कूस बदलत. काही गाद्या आतल्या चकचकीत पडद्यांमुळे वेफर्सच्या पाकिटासारख्या चुरचुरतात. तंबूत तिघे असले आणि तिघेही कूस बदलत असले म्हणजे रात्रभर नाटकाच्या थिएटरात बसल्यासारखे वाटते.

चौथी गोष्ट, वापर. इथे माझा धंदा उपयोगी पडतो. आमच्या गाडीच्या ब्रेक पाइपमध्ये हवेचा दाब असतो चौरस सेंटिमीटरला ५ किलो. तुमच्या गादीत असतो फुंकरीएवढा. पण गळतीचा नियम दोघांना एकच : हवा जिथून जाते तिथे बुडबुडा येतो. आम्ही सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती शोधतो, तुम्हीही तसेच करा. जागा सापडली की पुसून, कोरडी करून ठिगळ लावा. ठिगळाचे सामान गादीबरोबरच ठेवा, घरी कपाटात नको.

संध्याकाळी टणक फुगवलेली गादी रात्री सैल लागली की लगेच पंक्चर समजून घाबरू नका. २५ अंशांत भरलेली हवा शून्य अंशाला सुमारे आठ टक्के आकसते. हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवले होते, आणि परीक्षेनंतर मी ते प्रथमच तंबूत वापरले. झोपण्याआधी पुन्हा थोडी हवा भरा. मात्र दगडासारखी टणकही करू नका. कुशीवर झोपून, खुब्याखाली हात घालून बघा. खुबा जमिनीच्या जवळ यावा, टेकू नये, इतपत हवा ठेवा. फुगवायला तोंडाऐवजी सोबतची पिशवी वापरा. श्वासातली वाफ आत गेली की थंडीत तिचे दव होते, आणि दहा हजार फुटांवर फुंकून फुंकून चक्कर येते ती वेगळीच. घरी आल्यावर व्हॉल्व्ह उघडा ठेवून, गादी पसरून, कोरडी करून मगच ठेवा. शेकोटीची ठिणगी, बुटाचा खिळा आणि खिशातली किल्ली, हे गादीचे तीन शत्रू.

शेवटची गोष्ट, परीक्षा. नवी गादी पहिल्यांदा बर्फात उघडू नये. घरातल्या कोब्यावर किंवा गच्चीवर एक रात्र झोपून बघा. म्हैसूरची थंडी ती काय, पण गादी गळते का, पाठ दुखते का, हे तरी कळेल. आणि हवेची गादी कितीही भारी असो, बर्फात जाताना फोमची मॅट बरोबर हवीच.

मित्रहो, माझे भाषण संपले, आता एक विनंती. त्या बारा मुलांत माझी मुलगीही आहे. आता ती कॉलेजात जाते. मी परवा तिला विचारले, "परत जायची भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "थंडीची नाही वाटत बाबा. फक्त मी सांगेन तेव्हा नीट ऐका." तिने स्वतःची फोम मॅट आणि आर-व्हॅल्यू साडेचारची गादी आधीच निवडून ठेवली आहे. बेरीज साडेसहा. मी तपासली. बरोबर आहे.

पण प्रत्येक घराला दोन-दोन गाद्यांचा खर्च झेपेलच असे नाही, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूवर तो करावा तरी का? आपल्या मंडळाच्या कपाटात सतरंज्या आहेत, समया आहेत, पंगतीची भांडी आहेत. ज्याला लागतील तो नेतो आणि धुऊन-पुसून परत आणून ठेवतो. त्याच कपाटात बारा फोम मॅट आणि बारा उबदार गाद्या ठेवाव्यात अशी माझी सूचना आहे. पहिल्या दोन जोड्या माझ्याकडून. दर वर्षी त्यांची हवा तपासायचे काम मी करीन. साबणाचे पाणी माझे. आणि यादीतल्या त्या शेवटच्या ओळीतला "असल्यास" हा शब्द आजच खोडून टाकावा, एवढेच मागणे आहे.

मुलगा किंवा मुलगी "गार लागतंय" म्हणाली तर आधी विचारा, "कुठून?" आणि उत्तर "खालून" असे आले, तर शाल शोधू नका. तिच्या पाठीखाली हात घालून बघा.